कार्डाची मागची बाजू

शनिवारी सकाळी बर्नडेट डोम्ब्रोव्स्कीने कोबी उकळत ठेवला आणि मळके कपडे मशीनजवळ नेले. पानं मऊ पडेपर्यंत कपड्यांची एक खेप उरकते, हा तिचा वर्षानुवर्षांचा हिशेब. मुलाची, डेरेकची, जीन्स झटकताना खिशातून एक सोनेरी कार्ड खाली पडलं.

हे कार्ड काय असतं ते अमेरिकेतल्या आमच्या टर्नर्स लँडिंग गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पोलिसांची संघटना दर नाताळात अशी कार्डं वाटते. पोलिसांच्या नातेवाइकांना सोनेरी, मित्रांना चंदेरी. पोलिसाने गाडी अडवली की लायसन्सबरोबर हे कार्ड पुढे करायचं. तो कार्ड बघतो, मामा-काकांची खुशाली विचारतो आणि सोडून देतो. कुणी लाच मागत नाही, कुणी देत नाही, त्यामुळे कुणाला यात पापही वाटत नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे वाक्य आम्ही कार्डावर छापलेलं नाही एवढंच.

आणखी एक रीत आहे. सोडून देणारा पोलीस कार्डाच्या मागे बारीक अक्षरात तारीख, वेळ, गाडीचा वेग आणि आपली आद्याक्षरं लिहितो. पोरगं फारच माजलं तर घरच्या पोलिसाला सांगता यावं आणि त्याने कान उपटावेत, म्हणून. कायदा गुंडाळून ठेवणाऱ्यांनाही स्वतःपुरते नियम लागतातच.

बर्नडेटने कार्ड उलटं केलं. मागे पाच नोंदी होत्या. शेवटची याच आठवड्यातली: मंगळवार, दुपारी दोन अठ्ठावन्न, ताशी बावन्न मैल, टी. एम.

ती तिथेच मशीनला टेकून उभी राहिली. त्याच मंगळवारी, तीन वाजून दहा मिनिटांनी, डेरेकच्या गाडीने शाळेसमोर ओटिस पेम्बर्टनला उडवलं होतं. ओटिस म्हणजे हातात ‘थांबा’ची लाल पाटी धरून पोरांना रस्ता ओलांडून देणारा म्हातारा. अकरा वर्षं त्याने हे काम केलं, प्रत्येक पोराचं नाव त्याला पाठ. खुब्याचं हाड मोडून तो इस्पितळात पडला होता, आणि वर समन्स त्यालाच आलं होतं! पोलीस टॉड मर्सरच्या अहवालात लिहिलं होतं की गाडी अगदी हळू होती, ओटिसच पाटी वर न करता रस्त्यात उतरला, आणि ‘मी स्वतः दोन वाजल्यापासून ठाण्यातच होतो, खबर आल्यावर निघालो’. बर्नडेट आमच्या गावच्या कोर्टात बावीस वर्षं कारकून. त्या अहवालावर गुरुवारी शिक्का तिनेच मारला होता. सुनावणी सोमवारी होती. दोष सिद्ध झाला की ओटिसचं काम जाणार आणि पोरांच्या जिवाशी खेळलेला माणूस म्हणून नाव राहणार.

संशयाची पाल तिच्या मनात आधीपासूनच चुकचुकत होती. मंगळवारपासून डेरेक ताटातून मान वर करत नव्हता. तिचा भाऊ रे, पोलिसांत लेफ्टनंट, जो एरवी वाढदिवसालाही फिरकत नाही, तो दोनदा डोनट घेऊन येऊन गेला होता. आता तिला रस्त्यावरून हळू जाणारी पोलिसांची गाडीही आपल्याच खिडकीकडे बघतेय असं वाटायला लागलं. पाणी आटून कोबी करपला तेव्हा ती भानावर आली.

दुपारी ती इस्पितळात गेली. ओटिस उठून बसायची धडपड करू लागला.

“पडून राहा हो,” ती म्हणाली. “एकच विचारते. पाटी वर होती का?”

“बाई, होती असंच मला आठवतंय. मागे सहा पोरं होती. पाटी न उचलता मी पाऊल टाकीन का?” मग तो छताकडे बघत राहिला. “पण पोलीस लिहितोय, वर नव्हती. सगळे तेच म्हणतात. चार दिवस ऐकून ऐकून आता माझा मलाच भरवसा वाटेना.”

बर्नडेटला रडू आवरलं नाही. खुब्याचं हाड बसवता येतं हो. खऱ्या माणसाला स्वतःबद्दलच संशय वाटायला लावणं, याहून मोठा गुन्हा मला तरी माहीत नाही.

रविवारी रे जेवायला आला. कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा-भात तिने वाढला आणि ताटाशेजारी ते कार्ड ठेवलं.

“मंगळवारी टॉड ठाण्यात होता ना?”

रेने कार्ड बघितलं आणि काटा खाली ठेवला. “कुठे मिळालं?”

“धुण्यात.”

“मग त्याच्याबरोबरच धुऊन टाकायचंस! बर्नी, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? तुझं पोर आहे ते.”

“पहिल्या वेळी कुणी अडवून धरलं असतं तर आज ते पोर सरळ असतं. पाच वेळा सोडलंत तुम्ही त्याला. डेरेक, बघ माझ्याकडे. पाटी वर होती?”

डेरेकने मान वर केली. “होती. मामा म्हणाला, तू गप्प बस, टॉड बघून घेईल.”

“झालं! घरभेदी निपजली माझी बहीण,” रे उठला. “म्हातारा कोण लागतो गं तुझा? उद्या कोर्टात तोंड उघडलंस तर या गावात तुला कुणी हॅलो म्हणणार नाही.”

“लागत कुणीच नाही,” ती म्हणाली. “म्हणून तर त्याच्यावर ढकललंत.”

सोमवारी मी कोर्टात मागच्या बाकावर होतो. माझं औषधांचं दुकान आहे, ओटिस माझं जुनं गिऱ्हाईक. त्याला चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं. पुकारा झाला तशी बर्नडेट आपल्या टेबलामागून उठली, वळसा घालून समोर आली आणि तिने कार्ड न्यायाधीश ऑस्ट्रँडर यांच्या हातात दिलं. डेरेकनेही उभं राहून, रडतच, काय घडलं ते सांगितलं. टॉड मर्सर खिडकीबाहेर बघत होता.

न्यायाधीशांनी कार्ड दोनदा उलटंपालटं केलं. “ठीक आहे. मी याची दखल घेतो.”

“साहेब, तुम्ही नका घेऊ,” बर्नडेट म्हणाली. “तुमच्याही पाकिटात एक आहे. गेल्या नाताळात संघटनेचे लिफाफे मीच भरले होते.”

न्यायाधीशांचे कान लाल झाले. त्यांनी पाकीट काढलं, त्यातलं चंदेरी कार्ड डेरेकच्या कार्डाशेजारी ठेवलं आणि म्हणाले, “या खटल्याचा न्याय करायचा अधिकार मला उरलेला नाही. सगळी कागदपत्रं दुसऱ्या जिल्ह्याच्या कोर्टात पाठवा. अहवाल खोटा आहे का, त्याचीही चौकशी तिथेच होईल.”

फेब्रुवारीत त्या दुसऱ्या कोर्टाने ओटिसला निर्दोष सोडलं. डेरेकचं लायसन्स गेलं आणि तीन महिने तुरुंगही झाला. बर्नडेट दर रविवारी त्याला भेटायला जायची. टॉडची नोकरी गेली. रेने बहिणीशी बोलणं टाकलं. ती दुकानात आली की अजूनही दोघं-तिघं रांग बदलतात.

ओटिस आता काठी टेकत शाळेसमोर उभा असतो. त्याची पाटी वर गेली की पोलिसाची गाडी थांबते, न्यायाधीशांची थांबते, माझीही थांबते. सोनेरी-चंदेरी तो काही विचारत नाही. सरकार म्हणजे याहून वेगळं काय असावं, मला कळत नाही.

पण एक सांगायचं राहिलं. न्यायाधीशांनी कार्ड टेबलावर ठेवलं तेव्हा कोर्टात चाळीसेक माणसं होती, आणि कितीतरी हात आपापल्या खिशावर गेले. त्यांत माझा हात पहिला होता. ते टेबल माझ्यापासून दहा पावलांवर होतं. मी जागचा हललो नाही.

तुमच्याकडे असं कार्ड नसेलही. एखाद्या साहेबाचा फोन नंबर मात्र नक्की असेल. गेल्या वेळी तुम्ही तो फिरवलात, तेव्हा तुमच्याऐवजी कोण अडकलं, याची कधी चौकशी केलीत का?