दोन्ही हातांनी

किर्तीला शिकवायची भारी हौस. मुंबईच्या कॉलेजात तिनं आशियाई देशांच्या संस्कृती नि चालीरीतींचा कोर्स घेतला, आणि तेव्हापासून चिखलोलीच्या त्या लहानशा घरात रोज जेवताना एक नवा देश यायला लागला. आज जपान, उद्या कंबोडिया. ऐकणारी एकच, तिची आई माया.

"आई, भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत बरं का. जपानात मेलेल्या माणसापुढं तसा भात ठेवतात."

"मी कुठं काड्यांनी जेवते गं बाई? आणि जपानला कोण चाललंय, तू का मी?"

असं म्हणायची, पण कान टवकारून ऐकायची. माया उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात होती. शिवून आलेल्या पँटींचे लोंबणारे धागे कापायचं काम. नव्या कापडाचा निळा रंग नखांच्या कडेला असा बसलेला की साबणानं हात टेकले होते. तिथं धागे कापता कापता ती बायकांना किर्तीचे देश सांगायची. सिंधी शेठ हसायचा, "माया, तू तो बैठे बैठे दुनिया घूम आई!" आणि माया दिवसभर अभिमानानं फुगून राहायची. लेक शिकत होती, अजून काय पाहिजे?

सगळ्या देशांत तिला आवडला कोरिया. तिथं मोठ्या माणसाला काही द्यायचं तर दोन्ही हातांनी देतात, असं किर्तीनं सांगितलं मात्र, मायानं हातातली भाकरी ताटात ठेवली.

"ही रीत बाकी लाख मोलाची! फेकल्यासारखं द्यायचंच नाही. दोन्ही हातांनी, मानानं."

त्या दिवसापासून चहाचा कप काय, घराची चावी काय, सगळं दोन्ही हातांनी. किर्ती चिडवायची, "आई, मी लहान आहे गं तुझ्यापेक्षा." माया ऐकेल तर शपथ. एकदा मात्र हसता हसता थांबली आणि म्हणाली, "माझी आजी होती ना, विठा. तिच्या हातात जन्मात कुणी काही ठेवलं नाही. तहान लागली तर वरनं ओंजळीत पाणी ओतायचे. सावकाश ओततील तर नशीब. दिसली की 'लांब हो गं', जसं काय तिचं नावच ते. मग आपण धम्म घेतला आणि संपलं ते. आपल्या विहारात कुणी कुणाला लांब हो म्हणत नाही, किर्ते. म्हणून मला तिथं गेलं की मोकळं वाटतं."

किर्तीनं हे लहानपणापासून ऐकलं होतं. तिनं मान हलवली आणि व्हिएतनामकडे वळली. शिकलेल्या माणसाचं असंच असतं. दूरचं सगळं दिसतं, ताटाशेजारचं दिसत नाही.

वैशाखी पौर्णिमेला विहारात थायलंडहून बुद्धमूर्ती यायची ठरली. मूर्तीबरोबर तिकडचे वयोवृद्ध भंते येणार होते. सगळ्या वस्तीत उत्साह नुसता उतू चाललेला. कमिटीचे बबनकाका किर्तीकडे आले.

"पोरी, त्यांना काय चालतं, काय नाही, आम्हाला काय कळणार? इंग्लिश बोलायला आणि रीतभात सांभाळायला तूच उभी राहा. विहाराची लाज तुझ्या हातात."

झालं! किर्तीच्या अंगात वारं शिरलं. कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, पाय मूर्तीकडे करून बसायचं नाही, एकेकाला पकडून तिनं पढवलं. बायकांनी भंतेंना शिवायचं नाही आणि त्यांच्या हातात थेट काही द्यायचं नाही, हेही तिनं सांगितलं. ते त्यांचं व्रत आहे, त्यात कुणाला कमी लेखणं नाही, हेसुद्धा सांगितलं. सगळ्या वस्तीला सांगितलं. आईला सांगायचं तेवढं राहिलं. आई काय, घरचीच.

आणि खीरदानाचा मान कमिटीनं मायाला दिला. लेकीनं एवढं केलं म्हणून.

माया पहाटेच उठली. खीर केली, पांढरी साडी नेसली आणि मग मोरीत बसून लिंबाच्या फोडीनं बोटं घासत राहिली. "भंतेंच्या हातात द्यायचीय गं. हात स्वच्छ नकोत?" किर्तीनं ऐकलं. पण तिच्या डोक्यात पाहुण्यांच्या गाड्या, हार, माईक. 'हो हो' म्हणत ती पुढं पळाली. तिथंच थांबून दोन शब्द बोलली असती तर! पण आता बोलून काय उपयोग.

विहार गच्च भरलेला. त्रिसरण झालं, पंचशील झालं. भंते आसनावर बसले होते, किर्ती बाजूला उभी. बबनकाकांनी मायाचं नाव पुकारलं. माया पुढं आली, वाटी दोन्ही हातांत, मान खाली. कोरियाची रीत थायलंडच्या भंतेंसाठी. तिच्या लेखी मान देण्याची एवढी मोठी रीत दुसरी नव्हतीच. ती वाकली आणि वाटी थेट त्यांच्या हातांकडे नेली.

किर्तीनं ते पाहिलं. एवढ्या लोकांत, मोबाईल रोखलेले, तिचीच आई चुकणार! जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही.

"आई, लांब हो! हात लावू नकोस!"

तिच्या शेजारचा माईक चालू होता. मागच्या भिंतीपर्यंत गेलं ते.

माया जागच्या जागी थिजली. खीर हिंदकळून अंगठ्यावर आली. तिनं आधी लेकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"घासलेत गं," ती हळूच म्हणाली. "लिंबानं घासलेत."

तेवढ्यात म्हाताऱ्या भंतेंनी झोळीतून घडी केलेलं पिवळं कापड काढलं, समोर पसरलं आणि हसून खूण केली, यावर ठेव. बाईच्या हातचं दान असंच घेतात तिकडे. किर्तीला ते ठाऊक होतं; मागच्या परीक्षेत तिनं तेच लिहून पैकीच्या पैकी मार्क आणले होते. नेमकं त्या क्षणी ते डोक्यातून उडालं. श्वासभर थांबली असती तरी निभावलं असतं.

मायानं कापडाकडे पाहिलंच नाही. वाटी बबनकाकांच्या हातात दिली आणि मागे मागे सरत दारापर्यंत गेली. काकांनी खीर भंतेंना दिली. सगळे साधू, साधू, साधू म्हणाले. माया चपलांपाशी उभी राहून बघत होती.

घरी आल्यावर किर्ती पायांशी बसून रडली. व्रत काय, कारण काय, सगळं समजावलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"असेल गं कारण. विठाला हाकलणारेही कारण सांगायचेच. त्यांच्याही पोथीत होतं म्हणे."

"आई, हे तसं नाही गं! खरंच नाही!"

"नसेल. तू शिकलेली. तुला ठाऊक."

शिव्या दिल्या असत्या, दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. माया रागावलीच नाही. कामाला जात होती, स्वयंपाक करत होती. विहारातही जायची, पण दाराशी बसायची, चपलांच्या बाजूला. बबनकाका दोनदा हाताला धरून पुढं न्यायला आले, तर म्हणाली, "इथं बरं आहे, भाऊ. वारा येतो." जेवताना एकही देश निघेनासा झाला. किर्तीनं सुरुवात केली की ती "हं" म्हणायची आणि ताट उचलायची.

किर्तीचा निकाल लागला. पहिली आली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सत्कार होता. ती निघाली तेव्हा आई डबा घेऊन आली. किर्तीनं दप्तर खाली ठेवलं आणि दोन्ही हात पुढं केले.

"आई, हातात दे ना गं. पहिल्यासारखं."

माया थांबली. किर्तीला वाटलं, देईल. आज देईल.

मायानं टेबलावर एक रुमाल पसरला. कोपरे नीट केले, डबा त्यावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरून भिंतीला टेकली. निळी बोटं तिनं पदराखाली घेतली.

"घे आता," ती म्हणाली. "उशीर होईल तुला."