पहिल्या नंबरवर अडलेली गाडी

माझ्या बाईंनी एकदा देवापुढे हात जोडून नेम धरला आणि त्याची झळ मलाच लागली. "हे दोघं मित्र या खोलीत पुन्हा एकत्र हसेपर्यंत मी माझ्या खुर्चीत बसणार नाही," असं त्या म्हणाल्या. ती खुर्ची म्हणजे मी. वेताची, उंच पाठीची. बोलायची सवय नाही मला, पण आज बोलतेय.

वेत पाण्यात भिजवून, आचेवर वाकवून एका कारागिराने मला घडवलं. मग एका चित्रपटगृहाच्या मॅनेजरने मला त्याच्या केबिनमध्ये नेऊन ठेवलं. भिंतीच्या पलीकडे पडदा होता. तिथे एक अख्खं दशक मी रोज सिनेमे ऐकले, पाहिला मात्र एकही नाही. संवाद तोंडपाठ, चेहरा एकाचाही ठाऊक नाही. लोक कुठे शिट्ट्या वाजवतात आणि कुठे गुपचूप नाक पुसतात, ते मला भिंतीतून कळायचं.

पुढे चित्रपटगृह बंद पडलं, सामान निघालं. एक घड्याळजी आठवण म्हणून पडद्याचा तुकडा मागायला आले होते. तो मिळाला नाही, म्हणून मला घेऊन घरी गेले. त्यांच्या बायकोने मला ओल्या फडक्याने पुसलं, बसून पाहिलं आणि म्हणाली, "ही माझी." त्याच माझ्या बाई. सकाळची प्रार्थना, भाजी निवडणं, दुपारची डुलकी, सगळं माझ्याच कुशीत.

दर रविवारी दुपारी घरात मैफल जमायची. घड्याळजी, त्यांचे शाळेपासूनचे मित्र चष्मेवाले आणि बाईंच्या नणंद, म्हणजे वन्सं. त्या गाणं शिकवायच्या. तिघंही सिनेमावेडे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर माझ्या चित्रपटगृहातल्या त्याच दशकातले दहा उत्तम सिनेमे क्रमाने लावायचे, एवढंच काम. दहावा, नववा, आठवा चहाबरोबर ठरायचे. पाचव्यापाशी आवाज चढायचा. पहिल्या नंबरवर गाडी कायमची अडायची.

घड्याळजींचा जीव दीपगृहाच्या सिनेमावर. बाप होडी घेऊन वादळात जातो आणि लेक दिवा तेवत ठेवते, असा तो. चष्मेवाल्यांचा जीव दोन बहिणींच्या सिनेमावर.

"तुझा सिनेमा अर्धवट आहे," चष्मेवाले म्हणायचे. "बाप गेला तो गेला. प्रेक्षकाने काय समुद्राकडे बघत बसायचं?"

"लोकांना चष्मे लावतोस, आधी स्वतःचा नंबर तपास."

"आणि तू घड्याळंच उघड. सिनेमा उघडून बघणं तुझं काम नव्हे."

इतकी वर्षं असंच चालायचं आणि हसण्यावारी जायचं. पण एका रविवारी घड्याळजींच्या तोंडून निघून गेलं, "तुला बाप कळलाच नाही कधी." चष्मेवाल्यांचे वडील ते लहान असतानाच गेले होते. ते उठून निघून गेले. चहाचा कप तसाच राहिला.

त्यानंतर कित्येक रविवार खोली मुकी. घड्याळजी एकच घड्याळ उघडायचे, पुसायचे, पुन्हा बंद करायचे. "फोन करा की," बाई म्हणायच्या. "करतो," ते म्हणायचे आणि करायचे नाहीत. चूक कळली होती, पण जीभ रेटत नव्हती.

तेव्हा बाईंनी तो नेम धरला. गुडघे कुरकुरत असताना त्या स्टुलावर बसायला लागल्या. माझ्यावर साधी पिशवीसुद्धा कुणाला ठेवू देत नसत. मी रिकामी. इतकी रिकामी मी बंद चित्रपटगृहातसुद्धा नव्हते.

देवावर भार टाकायचा, पण आपलेही हात हलवायचे, असा बाईंचा स्वभाव. एके दिवशी त्यांनीच फोन लावला. "भावजी, यादी अर्धी राहिलीय. रविवारी या. माझ्या खुर्चीत बसा. एकच अट आहे. त्या खुर्चीत बसेल त्याने स्वतःच्या सिनेमाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. समोरच्याच्या सिनेमाची बाजू मांडायची."

 पलीकडून आवाज आला, "वहिनी, ही शिक्षा आहे."

"असू दे. या."

ते आले. माझ्यात बसले, तर अंग नुसतं आखडलेलं. घड्याळजींनी आधी मान खाली घालून "माझं चुकलं रे" म्हटलं. चष्मेवाल्यांनी मान हलवली. मग खाकरून सुरुवात केली. "तर दीपगृहाचा सिनेमा. त्यातली लेक मोठी धीराची. बाप येणार नाही हे माहीत असूनही दिवा विझू देत नाही."

"येणार नाही कसा?" घड्याळजी म्हणाले. "येतो की."

"कुठे येतो?"

"शेवटी. होडी दिसते, भोंगा वाजतो."

चष्मेवाले वन्संकडे वळले. "येतो?"

"येतो," वन्सं म्हणाल्या. "भोंग्यावरच तर गाणं सुरू होतं."

मी ते रोज ऐकलेलं. त्या भोंग्याला अख्खं चित्रपटगृह टाळ्या वाजवायचं. पण खुर्चीला विचारतंय कोण?

चष्मेवाले पुटपुटले, "मला तेव्हा संध्याकाळी सहाला मालकाचं दुकान उघडावं लागायचं. साडेपाचला मी सिनेमातून उठून जायचो."

"म्हणजे इतकी वर्षं तू शेवट न बघता भांडलास?"

"तीनदा बघितला मी तो. तिन्ही वेळा साडेपाचपर्यंत."

आधी वन्सं फुटल्या. मग घड्याळजी. मग चष्मेवाले असे हसायला लागले की माझे सगळे सांधे करकरले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "खरंच येतो बाप?" घड्याळजींनी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "येतो रे. आत्ता टीव्हीवर लावतो, बघ."

तिघांनी मिळून तो शेवटापर्यंत पाहिला. भोंगा वाजला तेव्हा चष्मेवाल्यांनी माझा हात घट्ट धरला होता. तो हात तेव्हापासून सैल आहे. त्याला बाईंनी दोरी बांधलीय.

ते उठल्यावर बाई येऊन माझ्यात बसल्या. त्यांच्या पाठीचा भार मला हलकाच वाटला.

"अगं, तुझा पहिला नंबर कुठला?" घड्याळजींनी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"अट माझीच, आज मोडते. तो, ज्यात नवरा-बायको सगळा वेळ घर रंगवतात."

"वहिनी, त्यात काही घडतच नाही."

"घर रंगतं की, भावजी."

आता अट अशी की माझ्यात बसेल त्याला समोरच्याची बाजू घ्यावी लागते. समोर बाई असतात, त्यामुळे ते दोघे पाळीपाळीने बसून त्या रंगकामाच्या सिनेमाची तोंड फाटेस्तोवर स्तुती करतात. भिंत वाळण्यातसुद्धा केवढं नाट्य आहे, हे एकमेकांना पटवतात. पहिला नंबर अजून ठरलेला नाही. देवाच्या कृपेने तो ठरूही नये.

मी आता म्हातारी झालेय, वेत तुटायला लागलाय. पण रविवारी माझ्यासाठी रांग लागते. तुमच्याही घरात एखादी खुर्ची असेलच. तिच्यासाठी एवढा नेम धरा. आठवड्यातून एकदा तिच्यात बसा आणि ज्याच्याशी तुमचं अजिबात पटत नाही, त्याला जे आवडतं त्याबद्दल चार चांगले शब्द बोला. बोलायला काही सुचलं नाही, तर त्यालाच विचारा, "शेवटी काय होतं रे?"