पुरलेला मासा

"आधी झाकण लावा तिला!" मावशी ओरडल्या आणि नाकाला फडकं लावत दोन पावलं मागे सरकल्या.

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात ओट्यावर चिनी मातीची बरणी होती. शेजारी आठ नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या खलाशाची बायको उभी होती. तिने झाकण लावलं, तरी वास काही हटेना.

"मासा आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे थंडीच्या आधी गवतात गुंडाळून जमिनीत पुरतात. तीन महिन्यांनी काढतात. दिरांनी गावाहून पाठवलाय."

"तीन महिने पुरलेला मासा? आणि तो आजारी माणसाला द्यायचा?"

"पाच दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरलेला नाही. काल तोंड उघडलं ते हेच मागायला."

बंदराजवळच्या त्या इस्पितळात मावशी बावीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. रोजची साठ ताटं. मावशी नऊ वर्षांच्या असताना आई कामावर गेली होती, म्हणून त्यांनीच धाकट्या बहिणीला आदल्या दिवशीचं उरलेलं वाढलं होतं. दोन दिवसांत बहीण गेली. घरात त्यांना कुणी एका शब्दाने बोललं नाही. पण आईने पुढे त्यांच्या हातचं पाणीसुद्धा कधी घेतलं नाही.

मावशी डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, "फार दिवस नाहीत त्यांचे. माझी हरकत नाही. नीट मुरलेला असेल तर ते लोक पिढ्यान्‌पिढ्या खातायत. बिघडलेला असेल तर मात्र वासावरून कळत नाही, चवीवरूनही नाही. आधी एकाचे दोन दिसायला लागतात, मग जीभ जड होते, मग श्वास अडतो."

"किती वेळात?"

"बहुतेक चोवीस तासांत. तुमच्या मनाला पटत नसेल तर नाही म्हणा, मावशी. स्वयंपाकघर तुमचं आहे."

नाही म्हणायलाच त्या परत आल्या होत्या. बाई तशीच उभी होती, दोन्ही हात बरणीवर ठेवून. मावशींच्या तोंडून भलतंच निघालं. "मी खाऊन बघते. उद्या सकाळी सातपर्यंत मला काही झालं नाही, तर देऊ."

"मी खाते ना!"

"तुमची पोटं सरावलेली. मला झालं नाही तर कुणालाच होणार नाही."

घड्याळात सकाळचे सात वाजले होते. नखाएवढा करडा तुकडा त्यांनी जिभेवर ठेवला. आधी झोंबला, मग लोण्यासारखा विरघळला. वाईट नव्हता, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

मग दिवस सुरू झाला. भाजी चिरताना त्या सुरीकडे बघत होत्या, एकच आहे ना. खिडकीचे गज मोजले, सात. तासाभराने पुन्हा सात. दुपारी हाक मारताना शब्द अडखळला. पाणी पिऊन त्यांनी तोच शब्द चार वेळा स्वतःशी म्हणून पाहिला. भांडी घासणारी म्हणाली, "मावशी, आज काय मंत्र जपताय?" त्यांनी हसून दाखवलं.

पाचच्या सुमाराला सिस्टर दारात आली. "आठ नंबरची तब्येत घसरतेय. सकाळ बघतील असं वाटत नाही. त्यांची बायको विचारतेय, वाट बघायची का?"

दहा तास झाले होते. मावशींनी डोळे मिटून उघडले. सिस्टर एकच दिसत होती, पण अजून चौदा तास बाकी होते. आता दिलं आणि मासा बिघडलेला निघाला, तर म्हातारा त्यांच्या हातून जाणार. नाही दिलं, तर उपाशी जाणार. मावशी बरणी घेऊन वॉर्डात गेल्या, झाकण मात्र त्यांनी सिस्टरला काढायला लावलं.

म्हाताऱ्याने तीन घास खाल्ले. चौथ्यासाठी तोंड उघडून तसाच थांबला, लहान मुलासारखा. मग बायकोशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला.

"काय म्हणाले?" मावशींनी घाबरून विचारलं.

"म्हणतायत, मीठ कमी आहे."

घरी मुलाने विचारलं, "आई, जेवत का नाहीस?" मावशी म्हणाल्या, "भूक नाही." रात्र कशी गेली ते त्यांनी पुढेही कुणाला सांगितलं नाही.

सकाळी सहाला इस्पितळाच्या पायरीवरच सिस्टर भेटली. "पहाटे गेले."

मावशींनी तिचं मनगट धरलं. "दोन-दोन दिसत होतं का त्यांना? जीभ जड झाली होती?"

"फुप्फुसं संपली होती हो त्यांची. झोपेतच गेले."

हे मावशींच्या कानात शिरलंच नाही. अजून तास होता. त्यांना काही व्हायचं असेल तर आताही होईल, आणि मग म्हातारा कशाने गेला हे त्यांना आयुष्यभर ठाऊक राहील. त्या स्टुलावर भिंतीला टेकून बसल्या. चूल पेटवली नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच वॉर्डातला सकाळचा चहा लांबला.

सात वाजून गेल्यावर डॉक्टर आले. सिस्टरने त्यांना सगळं सांगितलं होतं. "खाऊन बघा असं मी म्हणालो नव्हतो," ते रागाने म्हणाले. मग त्यांनी मावशींच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, जीभ बाहेर काढायला लावली, समोर बोट धरलं. "किती?"

"एक."

"मासा चांगला होता, मावशी."

मावशी उठल्या. त्यांनी चूल पेटवली.

दुपारी साठातलं एक ताट उरलं. वाढणारी ते परत घेऊन आली, तिच्या मागोमाग खलाशाची बायको आत आली. जायची तयारी करून आली होती, हातात नवऱ्याचे बूट होते. मावशींनी तिला ते ताट दिलं. बाईने ते उभ्यानेच सगळं संपवलं, आणखी मागितलं, तेही संपवलं.

मग तिने बूट दाराशी ठेवले, बाह्या वर केल्या आणि मावशींच्या शेजारी येऊन उभी राहिली. मावशी ताटं विसळून देत होत्या. ती एकेक पुसून ठेवत होती.