अनोळखी व्यक्ती

येडशीत हिंमतरावच्या दारावर कॅमेरा बसला त्याला पाच दिवस झाले होते, आणि त्याची आई अनसूयाबाई त्या कॅमेऱ्याशी बोलायला लागल्या होत्या.

"काय रं, जेवलास का?" ओसरीवर शेंगा फोडता फोडता त्या वर बघून विचारायच्या. "एकच डोळा, अन् त्याला पापणी बी न्हाय. आमचा म्हसोबा बरा. शेंदूर फासला, नारळ फोडला की वर्षभर गप. तुला काय फोडावं?"

घरात हसणारं कुणी नव्हतं. आतल्या खोलीत नात शिवकन्या भिंतीला टेकून बसलेली असायची. नऊ दिवसांवर तिचं लग्न होतं. स्थळ परंड्याकडचं, जमीनजुमला बख्खळ. नवरदेवाची पहिली बायको मागल्या साली विहिरीत पडली होती. पाय घसरला, असं सगळे म्हणत. अनसूयाबाईंनी त्या पोरीला एकदा एका लग्नात पाहिलं होतं. भर वैशाखात ती मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून बसली होती आणि कुणी हाक मारली की दचकत होती.

शिवकन्या नर्सिंग शिकली होती. सोलापूरच्या एका दवाखान्यानं येत्या सोमवारी रुजू व्हायचं पत्र धाडलं होतं. ती लग्नाला नको म्हणाली, तेव्हा तिच्या भावानं, रणधीरनं, तिचा मोबाइल काढून घेतला, मागल्या दाराला कुलूप घातलं आणि पुढच्या दारावर हा कॅमेरा ठोकला. घरातल्या चौघांची तोंडं त्याला दाखवून ठेवली. शिवकन्येचं तोंड उंबऱ्याबाहेर दिसलं की रणधीरच्या धाराशिवच्या दुकानात फोन वाजणार. पोरांची आई कधीच देवाघरी गेलेली. हिंमतराव सकाळी रानात जायचा तो साडेबाराला जेवायलाच यायचा.

सहाव्या दिवशी माघातल्या वाऱ्यानं अनसूयाबाईंचा कान ठणकायला लागला. त्यांनी खुंटीवरचा शिवकन्येचा निळा स्कार्फ काढून तिच्यापुढं धरला.

"बांध गं माझ्या बी तोंडाला, गाडीवरच्या पोरींवानी. आमची सासू पदर बोटभर सरकला तर डोळं वटारायची. तुमी आख्खं तोंड गुंडाळून गावभर हिंडता, अन् कुणाची इचारायची टाप न्हाय! आमाला सुचलं असतं तर आमी बी माह्याराला पळालो असतो की."

शिवकन्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. अनसूयाबाई मारुतीला जायला म्हणून बाहेर पडल्या, तोच वरून कॅमेऱ्यातून रणधीरचा आवाज आला.

"ए, कोण हाय? कोण हाय तिथं?"

"म्या हाय रं, तुझी आज्जी!"

"आवो आज्जी, तोंड झाकल्यावर त्यो वळखत न्हाय. हितं 'अनोळखी व्यक्ती' म्हणून बोंबलतंय. गिऱ्हाइकं उभी हायेत माझ्यापुढं."

"एवढा शहाणा, अन् हातभर फडक्याला फसला?"

त्या हसतच देवळात गेल्या. पण हात जोडल्यावर हसू विरलं आणि त्यांनी तोंडावरचा स्कार्फ चाचपून बघितला.

त्या दिवसापासून त्यांचा कान काही केल्या बरा होईना. तुळशीला पाणी घालायचं, स्कार्फ. शेळीला पाला टाकायचा, स्कार्फ. शेजारी विरजण मागायला, ते परत द्यायला, स्कार्फ. पहिले दोन दिवस रणधीर वरून खेकसत राहिला. तिसऱ्या दिवशी नुसतंच "आज्जीच ना?" म्हणाला. रविवारी रात्री जेवताना तो बापाला सांगत होता, "त्या अनोळखीचा आवाजच बंद केला. दिसातनं तीस बार वाजतंय."

"ब्येस केलंस बाबा," अनसूयाबाई म्हणाल्या. "दुकानात ध्यान दे." आणि त्याच्या ताटात आणखी एक पळी आमटी वाढली.

सोमवारी सकाळी घर रिकामं झालं. अनसूयाबाईंनी नातीच्या ड्रेसवरून आपलं लुगडं गुंडाळलं, तोंडाला स्कार्फ बांधला आणि तिला खोलीतल्या खोलीत चालवून बघितलं.

"वाक. अजून वाक. गुडघा धर. माझं वय झालंय, तुझं न्हाय झालं. सावकाश!"

लुगडं देवळामागं सोडायचं आणि पावणेदहाची सोलापूर बस धरायची. तीच बस धाराशिवच्या स्थानकात थांबणार होती, आणि रणधीरचं दुकान स्थानकासमोरच होतं.

"तिथं खिडकीतनं बघू नगंस. फडकं सोडू नगंस," एवढंच सांगून त्या दाराआड झाल्या.

शिवकन्या ओसरीची पायरी उतरली. अंगणाच्या मध्यावर गेली असेल नसेल, तोच कॅमेरा बोलला.

"आज्जी!"

शिवकन्या जागच्या जागी थिजली.

"आज्जी, पाव्हणे आज सांजच्यालाच यायलेत. चार गाड्या भरून. शिवीला आजच घिऊन जातो म्हणतेत, लगीन तिकडंच लावू."

अनसूयाबाईंनी आतून दाराच्या फळीला तोंड लावलं. "व्हय बाबा, कळलं."

"आवाज असा का येतोय? जरा हिकडं तोंड करा बरं."

"वारं लागतंय रं कानाला. ठणकून जीव चाललाय माझा."

शिवकन्या गुडघा धरून आणखी वाकली आणि पाठमोरीच एक एक पाऊल टाकू लागली. मग दुकानात कुणीतरी युरियाचा भाव विचारल्याचं ऐकू आलं, आणि कॅमेऱ्यातला आवाज खट्कन बंद झाला. निळा स्कार्फ फाटकाबाहेर गेला, वळणावर दिसेनासा झाला.

रणधीर गिऱ्हाइकाकडं वळला होता, की दुकानातून उठून स्थानकाकडं निघाला होता, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्यांनी चूल पेटवली. भाकरी थापली ती मोडली. दुसरी थापली.

साडेबाराला हिंमतराव आला आणि हात धुऊन ताटावर बसला. वाढणारा हात बघून त्यानं मान वर केली.

"शिवी कुठं हाय?"

"जेव आधी."

"आई, शिवी कुठं हाय?"

"नोकरीला गेली. बस सोलापुरात शिरली असंल आता." त्यांच्या आवाजात गंमत उरली नव्हती. "त्या विहिरीवर म्या माझी नात धाडणार न्हाय, हिंमत."

त्यानं घास परत ताटात ठेवला. बाहेर कॅमेऱ्यातून रणधीर ओरडायला लागला, "आज्जी! आज्जी, सकाळी कोण गेलं?" हिंमतराव उठला. खरकट्या हातानंच त्यानं पुढचं दार ओढून घेतलं, आतून कडी घातली, आणि तो आईकडं वळून म्हणाला, "पोर नीट पोचली असंल न्हवं?"