बुडवलेली ओळ

आत्याच्या कविता वहीतच राहिल्या होत्या, आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं. पियानो शिकवणाऱ्या भाच्याने त्यांना साथ द्यायचं मनावर घेतलं, तेव्हा ती हसलीच.

"अरे, माझा घसा म्हणजे गंजलेली बिजागरी!"

"गायचं नाही गं, नुसतं वाचायचं," तो म्हणाला. आवाज तिचा, आणि भोवती त्याचा पियानो. इम्प्रेशनिस्ट चित्रातल्या रंगांसारखे एकमेकांत मिसळत जाणारे, पेडल दाबून लांबवलेले सूर.

बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीला गादी टेकवून त्याने वाचन रेकॉर्ड केलं. कविता तिच्या भावाच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, शेवटच्या आठवड्यावर होती. वाचता वाचता ओळ आली, 'मुलगा येतो म्हणाला, तेव्हापासून भाऊ दाराकडे तोंड करूनच झोपला.'

तो मुलगा म्हणजे तो स्वतःच. त्या आठवड्यात तो एका कार्यक्रमाच्या तालमी करत बसला होता. पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. आत्याने त्यावरून त्याला कधी एका शब्दाने टोकलं नव्हतं.

साथ वाजवताना त्या ओळीपाशी त्याने पेडल सोडलंच नाही. खालचे सूर जोरात वाजवले आणि ओळ बुडवली.

वाचनालयाच्या सभागृहात तीस-पस्तीस माणसांनी ते रेकॉर्डिंग ऐकलं. "शब्द मधेच सुरांत विरून जातात, काय सुंदर!" एक बाई म्हणाल्या. तो मान डोलवत राहिला, कान मात्र तापले होते.

घरी चपला काढता काढता आत्या म्हणाली, "अरे, एक ओळ ऐकूच आली नाही."

"सूर जरा जास्त झाले तिथे."

"छे, माझाच आवाज बसला असणार. थांब, पुन्हा वाचून देते." ती चष्मा शोधायलाही लागली.

आता मात्र त्याला राहवेना. "आत्या, नको. तुझा आवाज चांगला होता. मी मुद्दाम बुडवली ती ओळ."

तिने चष्म्याची शोधाशोध थांबवली.

"तुला टोचावी म्हणून नव्हती लिहिली रे. तो तसा झोपायचा, म्हणून लिहिली." मग थोडं थांबून म्हणाली, "वाट बघत होता तो. एवढं तरी राहू द्यायचंस."

दुसऱ्या दिवशी त्याने रेकॉर्डिंगमधून त्या ओळीवरचा पियानो पार काढून टाकला. आत्याने ऐकलं, "बरं झालं" म्हणाली. वहीत आणखी बऱ्याच कविता होत्या. त्यातली एकही तिने त्याला वाचून दिली नाही, आणि मागायला त्याची जीभ रेटली नाही.