खोडलेली उत्तरं

ज्ञान वाटल्याने वाढतं, असं थोर लोक सांगून गेले. ते गुरुवारी संध्याकाळी आमच्या 'ओल्ड रॅम' पबमधल्या प्रश्नमंजुषेला कधी आले नसावेत. आमच्या टेबलावर तिघांत वाटलेलं ज्ञान गेली अकरा वर्षं कमीकमीच होत आलंय. पहिलं बक्षीस म्हणून खाटीक सॉसेजचा ट्रे देतो, तो आम्ही एकदाच घरी नेला. त्या गुरुवारी माल्कम तापाने अंथरुणात होता.

माल्कम एंट्विसल आमचा कप्तान. जन्म बस डेपोत साहेब म्हणून गेला, त्यामुळे चुकायची सवय राहिलेली नाही. ग्लेनिस त्याची बायको. तिने गावच्या वाचनालयात तीस वर्षं काढली. तिसरा मी. ट्रेव्हर माईकवर प्रश्न विचारतो आणि आम्ही एका कागदावर उत्तरं लिहितो. लिहायचं काम ग्लेनिसचं, कारण तिचं अक्षर मोत्यासारखं. खोडायचं काम माल्कमचं, कारण तो माल्कम. ती हळू आवाजात उत्तर सांगते, लिहिते. मग तो पेन्सिल काढून घेतो, त्यावर रेघ ओढतो आणि शेजारी ठळक अक्षरांत स्वतःचं उत्तर लिहितो.

ज्या गुरुवारची ही गोष्ट, त्या दिवशी पहिल्याच फेरीत ट्रेव्हरने सर्वांत उष्ण ग्रह विचारला. ग्लेनिस म्हणाली, शुक्र.

"अगं, शेकोटीला जास्त कोण भाजतं? जवळ बसलेला," माल्कम म्हणाला. "बुध."

मला शुक्र माहीत होतं. पण घरी जाताना माल्कम मला गाडीतून सोडतो, आणि घराच्या वाटेवरची चॅपलची चढण व माझा उजवा गुडघा यांचं पटत नाही. मी बिअरचा घोट घेतला. असे घोट मी अकरा वर्षं घेत आलोय.

मध्यंतरात माल्कमने उभं राहून ग्लासवर चमचा वाजवला आणि बातमी दिली. घराला गिऱ्हाईक मिळालं. सोमवारी वकिलाकडे सह्या, आणि महिन्याभरात दोघं स्पेनला, त्याच्या भावाच्या शेजारी. तिथे वर्षाला तीनशे दिवस ऊन असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ग्लेनिसचे हात मांडीवरच होते.

"मी नाही म्हटलंय," ती म्हणाली. मी ऐकलं. माल्कम उन्हाचे दिवस समजावून सांगत सांगत बारकडे निघाला होता.

तो गेल्यावर तिने मला सगळं सांगितलं. चार घरं सोडून तिची बहीण राहते. तिचे डोळे गेलेत. ग्लेनिस तिला रोज सकाळी पेपर वाचून दाखवते, मृत्यूच्या बातम्या आधी, कारण तिला त्याच आवडतात. बहिणीला सोडून जायचं नाही, हे तिने माल्कमला तीनदा सांगितलं. एकदा नाश्त्याला, एकदा गाडीत, आणि शेवटी चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावली. त्या चिठ्ठीच्या मागे माल्कमने प्लंबरचा नंबर लिहून ठेवला.

"पण सही दोघांची लागते ना?" मी विचारलं.

"लागते. सोमवारी तो हातात पेन देईल आणि मी करेन सही. सवय झालीय रे."

त्याच वेळी मी उठून माल्कमला गाठायला हवं होतं. मी गुडघा चोळला. दुसरी फेरी सुरू झाली. ऑक्टोपसला हृदयं किती? ग्लेनिसने तीन लिहिलं. माल्कमने एक केलं, म्हणाला जास्त कुणालाच नसतात. सर्वांत जास्त प्रमाणवेळा कुठल्या देशाच्या? तिने फ्रान्स लिहिलं. त्याने रशिया केलं. दूरदूरच्या समुद्रांतली फ्रान्सची बेटं त्याच्या हिशेबात नव्हती. "फ्रान्स केवढा, आपल्या परसाएवढा."

शेवटी कागदांची अदलाबदल होते. लबाडी नको म्हणून शेजारच्या टेबलाने तपासायचं. आमचा कागद अकरा वर्षं शेकोटीजवळच्या टेबलावरची डॉरीन तपासते. शाळेच्या स्वयंपाकघरात ती मुख्य होती. तिच्यासमोर ताटात भाजी टाकायची कुणाची छाती नव्हती. नियम असा, की शेवटी ठेवलेलं उत्तर तपासायचं, खोडलेलं बघायचं नाही. एरवी ती कागद हातोहात परत पाठवते. त्या दिवशी स्वतः आली आणि माल्कमपुढे ठेवला.

"वीसपैकी नऊ," ती म्हणाली. "नियमाने."

"बरं."

"खोडलेलं धरलं असतं तर सतरा. माल्कम, दर गुरुवारी तुमच्याकडे कुणीतरी बरोबर लिहितं आणि कुणीतरी ते खोडतं. आम्ही बायका हसायचो यावर. आज मघाशी तुझं भाषण ऐकलं, तिचं तोंड पाहिलं, आणि हसू येईना."

माल्कम म्हणाला की घाईत होतं असं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं? शुक्र?"

घोट घ्यावा म्हटलं तर ग्लास रिकामा.

"होतं," मी म्हणालो. "ऑक्टोपसचंही होतं. आणि ती स्पेनला नाही म्हणाली, तेही मी ऐकलं. तुझ्या शेजारीच बसून म्हणाली ती."

चढण आता पायीच, हे मला बोलतानाच कळलं.

माल्कमने चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ धरला. रेघांखालचं ते मोत्यासारखं अक्षर तो बोट ठेवून एकेक वाचत गेला. ट्रेव्हरने निकाल सांगितला. आम्ही शेवटून पहिले. कुणी चिडवलं नाही.

"ग्लेनिस," माल्कम कागदाकडे बघतच म्हणाला, "जायचं का आपण?"

अकरा वर्षांत मी त्याला ग्लेनिसला उत्तरंच देताना ऐकलं होतं.

"नाही," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच, हळू. फक्त मध्ये कुणी बोललं नाही. "मी सही करणार नाही. तुला जायचं तर जा, माल्कम. मी इथंच राहणार."

जिना संपलाय हे न कळता आणखी एक पायरी उतरायला पाय टाकलेल्या माणसासारखा त्याचा चेहरा झाला. ग्लेनिस, मी आणि अजून तिथेच उभी असलेली डॉरीन, आम्ही तिघंही त्याच्या उत्तराची वाट बघत होतो. तेवढ्यात बारवरची पोरगी ओलं फडकं घेऊन टेबलाशी आली.

"ग्लास जरा उचलता का?" ती म्हणाली. "पुसून घ्यायचंय."