भाकड कासेचं शिंगरू

शिंगरू सालादेलचं होतं, आणि ते मार्कीझच्या कासेला ढुशा देत होतं.

ब्लाँदीनने बांधावरूनच ते पाहिलं. पांढऱ्या घोड्यांच्या त्या कळपात एवढासा काळा ठिपका लांबूनही लपत नव्हता. इथली सगळीच शिंगरं अशी काळी-तपकिरी जन्मतात आणि काही वर्षांनी पांढरी होतात. हे अजून पाय धड सावरू न शकलेलं पोर म्हाताऱ्या मार्कीझच्या मांड्यांमध्ये तोंड खुपसायचं, चोखायचं, तोंड बाहेर काढायचं आणि पुन्हा खुपसायचं. मार्कीझ मान वळवून त्याची पाठ चाटायची. तिची कास सुकून चामड्यासारखी झाली होती. गेली तीन वर्षं ती गाभण राहिलेली नव्हती.

खरी आई थोड्या अंतरावर खाजणाच्या कडेने येरझाऱ्या घालत होती. तिच्या कासेतून चीक आपोआप गळत होता आणि मागच्या पायांवर त्याचे ओघळ वाळत होते. ती हिनहिनत पुढे आली की मार्कीझ कान मागे टाकून धावून जायची आणि लाथ झाडायची. तरणी घोडी मागे सरायची आणि पुन्हा येरझाऱ्या सुरू करायची.

मिस्त्राल वारा सुटल्याचा तो चौथा दिवस होता. लव्हाळं जमिनीला टेकलं होतं, व्हाकारेस तळ्याचं पाणी एका बाजूला लोटलं गेलं होतं आणि माणसांच्या डोक्यात नुसती घरघर भरून राहिली होती.

"म्हातारीला पोर हवंय," शेजारी घोड्यावर बसलेला सिल्व्हेर म्हणाला. तो फेरेओलमामाकडे वीस वर्षं बैल आणि घोडे राखत होता. "आणि मला शहरात घर हवंय. दोघांचंही वय निघून गेलंय, पण सांगायचं कुणी?"

ब्लाँदीन हसली नाही. "चीक पोटात गेलाय का त्याच्या?"

"कुठून जाणार? जन्मल्यापासून त्याच भाकडीला लोंबकळतंय. मी उजाडल्यापासून बघतोय."

"म्हणजे आता दुपारपर्यंतच वेळ आहे. त्यानंतर चीक मिळूनही उपयोग नाही."

"दुपारपर्यंत उभं राहिलं तर. आत्ताच बघ, कसं बसतंय."

शिंगरू गुडघे मोडून चिखलात बसलं. मार्कीझने नाकाने ढोसून ढोसून त्याला उठवलं.

असं व्हायला नको होतं. खाजणातली घोडी व्यायची वेळ आली की कळपापासून लांब, झाऊच्या झुडपांआड एकटी जाते. बाळ आणि ती एकमेकांचा वास ओळखेपर्यंत तिथेच राहते आणि मगच परत येते. पण सालादेलला काल कुठे जाताच आलं नव्हतं. सगळ्या घोड्या आयाळ कापण्यासाठी वाडग्यात, कुंपणाच्या आवारात, कोंडलेल्या होत्या. गार्दियानांचा, म्हणजे घोड्यावरून बैल राखणाऱ्यांचा दोर घोडीच्या आयाळीचाच लागतो. नराचा केस त्यात कुणी वळत नाही. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी आर्लमध्ये सणाची स्वारी निघते, आणि यंदा ब्लाँदीन पहिल्यांदाच त्या स्वारीत असणार होती. तिच्या खोगिराला लावायचा दोर मामा स्वतः वळत होते. त्यांना काळा, पांढरा आणि करडा असे तिन्ही रंग हवे होते. सालादेलची आयाळ अजून करडी होती.

"सडांवर मेण आलंय तिच्या, आज-उद्या व्यायची, सोडा तिला," असं सिल्व्हेर काल संध्याकाळी म्हणाला होता. "सकाळी पहिली तिचीच कापतो आणि सोडतो," असं मामांनी उत्तर दिलं होतं. ती पहाटेच व्याली. धाप टाकत आडवी पडलेली असताना मार्कीझने तिचं पोर चाटून कोरडं केलं. मामांनी येऊन आयाळ न कापताच फाटक उघडलं, आणि जिच्या मागून कळप नेहमी चालतो त्या मार्कीझने कळप बाहेर काढला. शिंगरूही तिच्या मागे निघालं.

फेरेओलमामा बांधावरून चालत आले. सत्तरी ओलांडलेले, टोपी वाऱ्यात उडू नये म्हणून एका हाताने धरलेली. त्यांनी कळपाकडे पाहिलं.

"मामा, मी फास टाकते मार्कीझवर," ब्लाँदीन म्हणाली.

"नाही."

"मग काय करायचं?"

"काही नाही करायचं. घोड्यांच्या भांडणात आपण पडत नाही. कोवळ्या शिंगराला हात लावत नाही. माझ्या बापाने लावला नाही, मी लावला नाही. लावायचाच असता तर तबेले बांधले असते आणि शर्यतीचे घोडे पाळले असते."

"ते मरेल."

"मरतात काही. जगतात ती खाजणाची होतात."

"मालक," सिल्व्हेर चाचरत म्हणाला, "एवढं आहे, की हे खाजणाने केलेलं नाहीये."

मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो खोगिराचा तंग तपासायला उतरला. तंग नीटच होता.

ब्लाँदीन घराकडे गेली. तिने पाव कापला, ऑलिव्ह काढून ठेवले, काही खाल्लं नाही. खिडकीची झडप वाऱ्याने आपटत होती. तिने ती लावली, परत उघडली आणि तळ्याकडे पाहिलं. इथून काहीच दिसत नव्हतं. ती पुन्हा बांधावर आली. शिंगरू आता पहिल्यापेक्षा हळू उठत होतं. ढुशी देतानाही त्याच्या मानेत जोर नव्हता. सालादेलचं हिनहिनणं घोगरं झालं होतं.

मामा होते तिथेच होते.

"तिला वाडग्यात ठेवलं कुणी, मामा?"

मामांनी टोपी आणखी खाली ओढली.

"मी विचारतेय."

"दोर तुझ्यासाठी होता, पोरी."

"ठाऊक आहे. म्हणून तर मला इथे उभं राहवत नाही. त्या दोराला हात लावताना मला काय आठवेल, सांगा ना तुम्हीच."

ती उत्तरासाठी थांबली नाही. आपल्या घोड्यावर, फारोवर चढली, टाच मारली आणि बांध उतरून खाजणात शिरली. सिल्व्हेर शिवी हासडत मागे निघाला. शिवी वाऱ्याला होती की तिला, ते कळलं नाही.

मार्कीझने त्यांना लांबूनच ओळखलं. ती वळली, आणि तिच्यामागे सगळा कळप वळला. पाणी गुडघाभर, मग पोटापर्यंत. म्हातारी बरोबर कडक तळाच्या वाटेने चालली होती. फारो दोन पावलं डावीकडे सरला आणि पोटापर्यंत चिखलात रुतला. ब्लाँदीनने फास फिरवला आणि फेकला. वाऱ्याने तो पाण्यावर पसरवून टाकला.

"थांब!" सिल्व्हेर ओरडला. "पोराकडे बघ!"

शिंगरू मार्कीझच्या मागे पाण्यात शिरलं होतं. फक्त डोकं वर होतं. ते एकदा बुडालं, वर आलं, शिंकलं. मार्कीझ थांबली, मागे आली आणि अंगाच्या आडोशाने त्याला उथळ पाण्यात ढकलत नेलं. जिच्यापायी ते मरत होतं, तिनेच त्याला वाचवलं. अजून एकदा पाठलाग केला तर ते पोर पाण्यातच संपेल, हे ब्लाँदीनला स्पष्ट दिसत होतं.

"मागे घे," सिल्व्हेर म्हणाला. "आपल्याला नाही येऊ देणार ती. ती एकाच माणसाला येऊ देते."

फारो धडपडत चिखलातून सुटला, आणि दोघांनीही बांधाकडे पाहिलं.

मामा उतरत होते. पायी. टोपी त्यांनी बांधावर दगडाखाली ठेवली होती आणि घोड्याच्या तोंडावर चढवायची एक जुनी मोरखी दोरासकट सदऱ्यात खुपसली होती. ते सरळ कळपाकडे गेले नाहीत. बाजूबाजूने, थांबत, खाली बघत, जणू हरवलेलं काही शोधत असल्यासारखे चालत राहिले आणि जिभेने टक्-टक् असा बारीक आवाज करत राहिले. बहुतेक वाऱ्याने तो गिळला असावा, पण मार्कीझचे कान उभे झाले.

ती आली. वसंतातल्या पुरात कळप बाहेर काढताना ती याच आवाजामागून आली होती. मिठागराचा बांध फुटला तेव्हाही. तिने आपलं नाक मामांच्या खांद्यावर ठेवलं, आणि मामांनी मोरखी चढवली.

म्हातारीला कळायला क्षणभर लागला. मग ती मागच्या पायांवर उभी राहिली. मामा चिखलात ओढले गेले, गुडघ्यांवर पडले, पण त्यांनी दोर सोडला नाही. सिल्व्हेरने घोडं फेकल्यासारखं पुढे घातलं आणि दोराचं टोक आपल्या खोगिराला गुंडाळलं.

"सालादेलला आण!" मामा ओरडले. "हाकू नकोस. तिची वाट मोकळी कर, ती येईल."

ब्लाँदीनने फारोला बाजूला घेतलं. तरणी घोडी आली, थबकली, मार्कीझकडे पाहून मागे सरली, पुन्हा आली. शिंगरू मात्र तिच्याकडे बघेना. ते मार्कीझच्याच पोटाखाली घुसत होतं. सालादेलने त्याला हुंगलं. त्याच्या अंगाला दुसरीचा वास होता. ती फुरफुरली.

"नाही घेत," सिल्व्हेर म्हणाला.

मामांनी दोर त्याच्यावर सोपवला. ते शिंगराजवळ गेले आणि वाकले. एक हात छातीखाली आणि एक शेपटीखाली घालून त्यांनी ते उचललं. आयुष्यात पहिल्यांदाच. ते ओलं, चिखलाने माखलेलं ओझं घेऊन ते सालादेलच्या कुशीपर्यंत गेले, तिच्या मांडीवरचा चीक तळव्याने पुसला आणि शिंगराच्या पाठीला, डोक्याला, शेपटीला फासला. "तुझं आहे गं," ते म्हणाले. "वास घे. तुझंच आहे."

सालादेल थरथरत उभी राहिली. शिंगराने आंधळेपणाने ढुशी दिली, चुकली, पुढच्या पायाला लागली. मामांनी त्याचं तोंड धरून सडाला लावलं. काही झालं नाही. परत लावलं. मग त्याच्या गळ्याखाली घोट उतरताना दिसला, आणखी एक, आणि त्याची आखूड शेपटी हलायला लागली.

मागे मार्कीझ किंचाळत होती.

"हिला इथे ठेवून चालणार नाही," मामा म्हणाले. "संध्याकाळी परत ओढून नेईल. नदीपलीकडच्या कुरणात नेतो."

"मामा, मग कळपाचं? वाटा कुणाला ठाऊक आहेत?"

"शिकेल एखादी. नाहीतर तू शिकव."

"मी चिखलात रुतले आत्ताच. बघितलंत ना?"

"बघितलं. डोळे होते मला." त्यांनी सिल्व्हेरकडून दोर घेतला. "सणाला दोरात दोनच रंग असतील, करडा नाही. चालेल?"

"चालेल."

ते मार्कीझला घेऊन निघाले. म्हातारी चार पावलं चालायची आणि वळून हाक मारायची. पहिल्या हाकेला शिंगराने सड सोडला आणि मान वर केली. दुसऱ्या हाकेला त्याने दोन पावलं टाकली. सालादेल फिरून त्याच्या वाटेत आडवी उभी राहिली. बाकीच्या घोड्या एकमेकींभोवती फिरत होत्या, तळ्याकडे जात होत्या, परत येत होत्या. पुढे कुणी व्हायचं ते कुणालाच कळत नव्हतं. ब्लाँदीन फारोवर बसून राहिली. लगाम तिने इतका घट्ट धरला होता, की घोडा मान झटकत होता.

तिसरी हाक वाऱ्यात अर्धीच आली. शिंगराने कान तिकडे वळवले. मग ते आईच्या कुशीखाली आपणहून घुसलं, आणि या वेळी त्याला सड सापडायला कुणाचा हात लागला नाही. बांधावर मामा चालत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.